जास्तीची दोन वचनं

जाडजूड पुस्तकाच्या शेवटी बारीक अक्षरात एक यादी असते. अमुक विषय, अमुक पान. ती यादी कोण करतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? नाहीच पडणार. मलाही पडला नव्हता. मला वाटायचं, पुस्तक छापलं की ती आपोआप उगवत असेल, पावसाळ्यात अंगणात तण उगवतं तशी. पण ती यादी कुणीतरी माणूस बसून करतं, आणि मिशिगनमधल्या एका छोट्याशा प्रकाशन कचेरीत कितीतरी वर्षं ते माणूस मी होते. संपादक म्हणाले, 'तुमच्या नोकरीवर लिहा.' मी म्हटलं, अहो, लोक पुस्तकंच वाचेनात, सूचीवरचा लेख कोण वाचणार? पण ते चिवट निघाले. आता भोगा.

आम्ही ट्रॉय नावाच्या गावात राहायचो. आमचे हे मोटारींच्या कंपनीत इंजिनियर. मी अमरावतीची, संस्कृत घेऊन एम. ए. झालेली, आणि त्या पदवीला डेट्रॉइटच्या आसपास कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी टायपिस्टची जाहिरात पाहून एका कचेरीत गेले. तिथं धर्मावरची पुस्तकं छापायचे, विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेली. मुख्य संपादक बार्बरा म्हणून एक उंचनिंच बाई होती. तिनं विचारलं, "तुला बायबल येतं?"

"नाही," मी म्हटलं. "पण अध्याय आणि श्लोक सांगितला की मला तो कुठल्याही पोथीत सापडतो."

"तेवढंच हवंय," ती म्हणाली. सहा महिन्यांत टायपिंग सुटलं आणि सूची गळ्यात पडली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं. "काय गं शालिनी, बाटलीस म्हणे?" मी म्हटलं, "काकू, बाटायला सवड कुठाय? अजून 'सी'पर्यंतच पोचलेय."

काम काय असायचं ते सांगते. लेखकाचं हस्तलिखित जुळून आलं की त्याचे आधी लांबलचक कागद निघायचे. त्यात मी फक्त एक गोष्ट तपासायची. लेखकानं शास्त्रातलं जे जे वचन दिलंय ते मूळ ग्रंथात तसंच आहे का, अध्याय आणि वचनाचा आकडा बरोबर आहे का. विद्वान लोक आठवणीतून लिहितात हो, आणि आठवण कुणाची झाली तरी दगा देतेच. ते दुरुस्त झालं की मग पानं पाडलेली प्रुफं यायची. ती लेखकाकडेही जायची आणि माझ्याकडेही. तेव्हा कुठं मी पुस्तक खरं वाचायला घ्यायची. प्रत्येक नाव, प्रत्येक विषय एकेका कार्डावर, खाली पानांचे आकडे. बुटांच्या खोक्यांत कार्डं भरायची आणि जेवणाच्या टेबलावर अकारविल्हे लावायची. त्या आठवड्यात आमच्या घरी पंखा लावायला बंदी. आमचे हे म्हणायचे, "जेवायला कुठं बसू, नरकात की स्वर्गात?" कारण 'हेल' आणि 'हेवन' ही दोन्ही कार्डं त्यांच्या ताटाच्या जागेवर यायची.

गमतीही व्हायच्या. एका पाद्रीबुवांच्या पुस्तकात मी सूचीत लिहिलं, 'विवाह – पाहा : सहनशीलता'. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांनी दोन्हींवर एकाच पानावर लिहिलं होतं. बुवांचा फोन आला, हे ताबडतोब काढा. पाच मिनिटांनी त्यांच्या बायकोचा आला, हे अजिबात काढू नका. आम्ही बायकोचं ऐकलं.

या धंद्यात एक नियम होता, आणि तो बार्बरानं मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. शंका आली की कागदाला पिवळी चिठ्ठी लावायची. 'हे असं हवं का?' एवढं विचारायचं. स्वतःहून दुरुस्त करायचं नाही. पुस्तक लेखकाचं आहे, तुझं नाही. हा नियम मी एकदाच मोडला, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. डॉक्टर हेन्री एल्डन यांचं पुस्तक आलं. वय सत्तरीच्या घरात, पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात चाळीस वर्षं शिकवलेलं. दृष्टी जवळजवळ गेलेली, त्यामुळे हे शेवटचं पुस्तक हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यांची बायको डोरथी त्यांना प्रुफं मोठ्यानं वाचून दाखवायची आणि ते सांगतील ती दुरुस्ती पेन्सिलनं करायची.

पुस्तकाचा विषय थोडक्यात असा. ज्यू लोकांचं शहर जळालं, देऊळ पडलं, माणसं बंदी करून परक्या मुलखात नेली. तेव्हा त्यांच्या संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाच्या नावानं बोलणाऱ्यांनी, त्यांना सांगितलं की तुम्ही परत याल. आपल्या गावी, आपल्या मातीत. ती आशा त्या लोकांनी शतकानुशतकं धरून ठेवली. पुढे पहिले ख्रिस्ती आले. त्यांनी तेच ग्रंथ हातात घेतले आणि त्यात त्यांना जागोजाग आपला येशू दिसला. 'परत येणं' म्हणजे गावी नव्हे, देवाकडे परत येणं. 'सियोन' म्हणजे ते शहर नव्हे, आपली ख्रिस्ती मंडळी. डॉक्टर एल्डन स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, पण त्यांचं आयुष्यभर एकच सांगणं होतं. ते म्हणायचे, "त्या आशेच्या पाकिटावर दुसऱ्याचा पत्ता होता. आमच्या लोकांनी पत्र फोडलं, वाचलं आणि आपल्याच नावाचं आहे असं सांगत सुटले."

त्यांच्या सातव्या प्रकरणाच्या माथ्यावर राहेलचं वचन होतं. राहेल ही त्या लोकांची फार जुनी आई, रस्त्याकाठी पुरलेली. बंदी केलेली लेकरं त्या वाटेनं नेली, तर संदेष्टा म्हणतो की ती थडग्यातून रडतेय. समजूत घालू पाहणाऱ्याला जवळ येऊ देत नाही, कारण लेकरं उरली नाहीत. डॉक्टरांनी दिलेलं वचन तिथंच संपत होतं.

मी नेहमीप्रमाणे मूळ ग्रंथ काढला. बोट ठेवलं. शब्द बरोबर, आकडा बरोबर. पण बोट खाली सरकलं, तर पुढच्या दोन वचनांत देव राहेलला सांगत होता की बाई, पूस डोळे, तुझे कष्ट फुकट जायचे नाहीत, शत्रूच्या देशातून तुझी लेकरं परत येतील.

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे चातुर्मासात दुपारी आई पोथी वाचायची, आळीतल्या बायका ऐकायला यायच्या. पोथी वाटेल तिथं बांधायची नाही हे आम्हाला शेंबड्या वयापासून ठाऊक. कुणी मेलं, कुणी रानात हरवलं, कुणी मूर्च्छा येऊन पडलं की तिथं थांबायचं नाही. पुढच्या चार ओव्या वाचून त्याला उठवायचं, घरी आणायचं, मग पोथीला फडकं गुंडाळायचं. एकदा आईला घाई होती म्हणून तिनं भलत्या ठिकाणी वाचन थांबवलं, तर पलीकडच्या गोदूमावशी जागच्या हलेनात. म्हणाल्या, "त्याला तिथं पडलेला सोडून मी घरी जाऊन भाकऱ्या कशा थापू?" आईला पुन्हा बसावं लागलं.

त्या वळणावर वाढलेली मी. मला वाटलं, अरे देवा, ऐन रडण्यात सोडून दिलं! टायपिस्टनं दोन ओळी गाळल्या असणार. बार्बरा तिच्या मुलीच्या लग्नासाठी सुटीवर होती. माझा हात पिवळ्या चिठ्ठीकडे गेला, हे मी कबूल करते. पण लावली नाही. कारण चिठ्ठी लावली की लेखक 'नको' म्हणू शकतो, आणि मला ते नको होतं. मी सरळ दोन्ही वचनं समासात लिहिली, 'हे जोडा' अशी खूण केली आणि कागद छापखान्यातल्या जुळाऱ्याकडे गेले. खूप बरं वाटलं मला त्या दिवशी. घरी येऊन शिरा केला.

तीन आठवड्यांनी पानांची प्रुफं आली. एक गठ्ठा डॉक्टरांकडे गेला, एक माझ्या टेबलावर. कार्डं भरत भरत मी सातव्या प्रकरणाला पोचले, आणि पहिल्यांदाच ते नीट वाचलं.

सगळं प्रकरण त्या थांबण्यावरच होतं. पहिलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, लिहिणाऱ्यानं, येशूच्या जन्मानंतर बेथलेहेमात राजानं तान्ही पोरं मारली ते सांगताना, राहेलचं हे रडणं घेतलं आहे आणि नेमका तिथंच थांबला आहे. का थांबला? डॉक्टर लिहितात, कारण ती पोरं कुठूनच परत येणार नव्हती. बंदिवासात गेलेल्यांना दिलेलं आश्वासन त्या आयांना द्यायचा त्याला हक्क नव्हता. त्यानं राहेलचे अश्रू तेवढे उसने घेतले, आशा जिची तिला ठेवली. पुढच्या धर्मपंडितांना एवढा धीर धरवला नाही. त्यांनी पुढची दोन वचनंही ओढून घेतली आणि मेलेल्यांच्या पुनरुत्थानाच्या खात्यात टाकली. पण तो पहिला माणूस प्रामाणिक होता, आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल हे प्रकरण आहे.

आणि त्या प्रकरणाच्या माथ्यावर मी ती दोन वचनं ठळक अक्षरात छापून ठेवली होती! कार्ड खाली ठेवलं तोच फोन वाजला. डॉक्टर एल्डन. आवाज अगदी मऊ. "मी दुपारी येतोय. तुम्ही आहात ना?"

ते आले. डोरथी त्यांना गाडीतून घेऊन आली होती, ती गाडी लावत होती. ते टेबलाची कड चाचपत माझ्यासमोर बसले.

"मिसेस शालिनी, सातव्या प्रकरणावर दोन वचनं जास्तीची आहेत. ती मी लिहिलेली नाहीत."

"नाही. मी घातली."

"का?"

मी आईची पोथी सांगितली, गोदूमावशी सांगितल्या. मला वाटलं, ते ओरडतील. ते म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे एका बाईला भाकरी करायची असते म्हणून माणूस उठवावा लागतो." किंचित हसले, आणि मग त्यांनी मला डॅनीचं सांगितलं.

डॅनी त्यांचा एकुलता एक मुलगा. चौदा वर्षांपूर्वी व्हिएतनामच्या लढाईत त्याचं हेलिकॉप्टर जंगलात पडलं. बाकीचे सापडले, तो सापडला नाही. बरीच वर्षं कागदावर 'बेपत्ता' होता. मग सरकारनं पत्र पाठवलं, 'मृत मानावे'. चर्चच्या लोकांनी स्मरणाची प्रार्थना ठेवू या म्हटलं. डोरथी म्हणाली, ठेवा, पण हेन्रीनं राहेलचं वचन शेवटपर्यंत वाचायचं. शत्रूच्या देशातून परत येतील इथपर्यंत. आणि हेन्री नाही म्हणाले.

"मी कसा वाचणार होतो?" ते मला विचारत होते. "ते वचन माझं नाही. वर्गात चाळीस वर्षं हेच शिकवलं. माझ्यावर वेळ आली म्हणून तेच पत्र मी चोरू? ती म्हणाली, मग प्रार्थना नको. तेव्हापासून ती त्याविषयी बोललेली नाही. रडलेलीही नाही, मी कधी ऐकलं नाही तिला." त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. "परवा ती मला प्रुफं वाचून दाखवत होती. रडण्यापर्यंत आली आणि पुढे वाचत गेली. वाचून झाल्यावर चष्मा काढून ठेवलेला ऐकू आला मला. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हणाली, थँक यू, हेन्री."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काहीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडल्या, आणि गप्प बसलो. आता ते ठेवलं तर माझं पुस्तक खोटं. खोडायचं म्हटलं तर मला दिसत नाही. खोडायची पेन्सिल तिच्याच हातात असते."

माझ्या एका भाबड्या चुकीनं या म्हाताऱ्या माणसाला मी कुठं नेऊन उभं केलं होतं! एवढ्यात डोरथी आत आली. लहानखुरी, करड्या केसांची, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला बनाना ब्रेड. "ते पान कुणी लावलं?" तिनं विचारलं. "फार सुरेख लावलंय. हा त्यांच्यासाठी." तिनं तो ब्रेड माझ्याच हातात ठेवला. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तो ब्रेड मला एक घासही गेला नाही.

हे सगळं एक माणूस ऐकत होता. खिडकीशी मिस्टर पर्लमन बसायचे. मंगळवार-गुरुवारी हिब्रू मजकूर तपासायला येत. पोलंडचे ज्यू, हिटलरच्या महायुद्धानंतर एकटेच इकडे आलेले, सत्तरीचे, डोक्यावर कायम हॅट. मी त्यांना मनातल्या मनात पर्लमनकाकाच म्हणायची. सहा वर्षं माझा चिवडा त्यांनी नुसता हुंगला, खाल्ला नाही. त्यांचे खाण्याचे नियम कडक. सोवळ्या घरातल्या मला त्याचं काही वाटायचं नाही. घरचं मात्र ते कधीच काही बोलायचे नाहीत.

एल्डन पती-पत्नी गेल्यावर ते मान वर न करता म्हणाले, "शॅली, तू दुसऱ्याच्या नावानं सही केलीस."

मला रडू कोसळलं. मी म्हटलं, "मी राजीनामा देते."

"दे. त्यानं त्या बाईचं काय होणार?" असं म्हणून ते पुन्हा वाचू लागले. मला त्यांचा असा राग आला म्हणता!

घरी येऊन सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तुला कुणी सांगितले होते नसते उद्योग?" आणि माझी बारा वर्षांची लेक म्हणाली, "आई, यू शुड जस्ट से सॉरी टू हर." सगळ्यात शहाणं तीच बोलली, पण माझी हिंमत होईना. आठ दिवस मी कार्डं इकडची तिकडे करत काढले.

पुढच्या मंगळवारी डोरथी एकटीच आली, प्रुफांचा गठ्ठा घेऊन. सातवं प्रकरण उघडून माझ्यापुढं ठेवलं. ती दोन वचनं पेन्सिलनं खोडलेली होती. रेघ तिचीच, पट्टी लावून ओढलेली.

मी उभी राहिले. "मिसेस एल्डन, ते मी घातलं होतं. त्यांनी नाही. मला माफ करा."

"काल रात्रीच्या भांड्यांच्या वेळी हेन्रीनं सांगितलं," ती म्हणाली. "मला आधीच कळलं होतं गं. मी त्याच्याबरोबर अडतीस वर्षं राहतेय. तो माझ्यासाठी एक स्वल्पविरामसुद्धा जास्तीचा घालणार नाही. पण आठ दिवस मी मनाला समजावलं की त्यानंच दिलं. ते आठ दिवस मी कुणाला परत देणार नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "तू नसतं घातलंस तर आम्ही दोघं त्याविषयी बोललोच नसतो. काल इतक्या वर्षांनी बोललो. तो म्हणाला, प्रार्थना करू या आता, डॉट. मी म्हटलं, चालेल, पण शेवटपर्यंत वाचलं पाहिजे. तो म्हणाला, माझ्यानं होणार नाही. मी म्हटलं, तू वाचू नकोस. तू खोटं वाचलेलं मला चालणार नाही."

आणि ती सरळ खिडकीकडे गेली.

"मिस्टर पर्लमन," ती म्हणाली, "माझा नवरा म्हणतो, ते पत्र तुमच्या लोकांच्या नावचं आहे. मी ते मागत नाही. फक्त तुम्ही मला ते वाचून दाखवाल का?"

पर्लमनकाकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला, परत काढला. मला वाटलं होतं ते चटकन हो म्हणतील. आपल्याकडे नाही का, कुणी गीतेतलं काही वाच म्हटलं तर आपण उलट खूश होतो? पण त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"मला वेळ द्या," ते म्हणाले. कोट उचलला आणि अर्ध्या दिवसात निघून गेले. गुरुवारी आलेच नाहीत. सहा वर्षांत त्यांनी एक गुरुवार चुकवला नव्हता. बार्बरानं फोन केला, उचलला नाही. मी म्हटलं, झालं. एका बाईचं मन मोडलं होतंच, आता एका भल्या माणसाचंही दुखावलं, आणि दोन्ही माझ्याच करणीनं. त्या रविवारी मंडळात कुणाची तरी मंगळागौर होती (तिकडे सगळे सण रविवारीच), मी गेले नाही.

मंगळवारी ते आले. कोट अडकवला, खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी आहे? आणि कुठं? चर्चमध्ये मी येत नाही."

"मागच्या अंगणात," मी म्हटलं. मी डोरथीला काहीच विचारलं नव्हतं, थाप होती ती. पण नंतर तिला फोन केला तर ती म्हणाली, "अंगणातच. म्हणजे त्यांना येता येईल."

ऑक्टोबरातला रविवार. दुपारचं ऊन. एल्डनांच्या घरामागच्या मेपलची अर्धी पानं खाली आणि अर्धी वर. वीस-पंचवीस माणसं असतील. डॅनीच्या शाळेतले दोघे-तिघे मित्र, आता पोटं सुटलेले, आपापली मुलं धरून. मी साडी नेसले होते, आमचे हे सुटात. त्या मोठ्या लोकांत आपण कशाला, असं ते गाडीत पुटपुटत होते, पण आले. शेवटच्या रांगेत पर्लमनकाका हॅट घालून बसले होते, मांडीवर त्यांचं पुस्तक.

गाणी झाली. मित्रांनी डॅनीच्या गोष्टी सांगितल्या. त्यानं गॅरेजचं दार कसं गाडीनं फोडलं, यावर सगळे हसले, डोरथीही हसली. मग डॉक्टर उठले. कागद हातात नव्हता, त्यांना पाठ होतं. त्यांनी राहेलचं रडणं म्हटलं. ती समजूत घालून घेत नाही, लेकरं उरली नाहीत म्हणून. आणि थांबले. तिथंच, जिथं ते नेहमी थांबत आले होते. चाचपत खुर्चीवर बसले.

खुर्च्या कुरकुरल्या. मी मागे वळून बघायला घाबरत होते.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पर्लमनकाका पुढे आले. डोरथीच्या समोर उभे राहिले, तिला आणि तिच्या मागच्याच रांगेतल्या आम्हाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात वाचायला लागले. आधी हिब्रूत, एका सुरात, जसं ते सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, वाचतात. मग इंग्रजीत. डोळे पूस. कष्ट फुकट जाणार नाहीत. शत्रूच्या देशातून... इथं त्यांचा आवाज गेला. मला वाटलं ते आता थांबतील. त्यांनी पुन्हा त्या वाक्याच्या सुरुवातीला जाऊन परत वाचलं, आणि या वेळी शेवटपर्यंत नेलं. लेकरं परत येतील. आपल्या सीमेच्या आत येतील.

त्यात डोळे पूस असं सांगितलंय ना? डोरथी तिथं रडायला लागली. इतकी वर्षं जे आत धरून ठेवलं होतं ते बाहेर आलं, मोठ्यानं, लहान मुलासारखं. चर्चच्या दोघी बायका तिला धरायला उठल्या. पर्लमनकाकांनी हातानं त्यांना थांबवलं. ते स्वतः तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

"त्याचं नाव काय?" त्यांनी विचारलं. कार्यक्रम त्याचाच होता, नाव सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं.

"डॅनी," ती म्हणाली. "डॅनियल हेन्री."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मिर्याम. आणि हाना. माझ्या बहिणी. एक अकरा वर्षांची होती, एक सहा. या देशात आल्यापासून मी ही नावं मोठ्यानं उच्चारली नव्हती."

सहा वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसले होते. चिवड्याचा डबा पुढं करत होते. मला माहीत नव्हतं.

डोरथीनं त्यांचा हात घेतला. "मिर्याम," ती म्हणाली. "हाना." ते म्हणाले, "डॅनी." आणि मग पर्लमनकाकाही रडू लागले, हॅट डोळ्यांवर ओढून. माझ्या शेजारी आमच्या ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मला न देता स्वतःच वापरला.

डॉक्टर एल्डन पलीकडच्या खुर्चीवर मान इकडे तिकडे करत होते. त्यांना दिसत नव्हतं. "कोण रडतंय?" त्यांनी विचारलं. "डॉट? कोण रडतंय?"

"सगळेच, हेन्री," ती म्हणाली. "इकडे ये. आमच्यात बस."